लाकडी बेअरिंगला ग्रीस

सातव्या मिनिटाला तापमान बासष्ट अंशांवर गेले आणि मी हात वर केला. मेरी-गो-राउंडवर त्या वेळी एकही माणूस नव्हता. घोड्यांच्या पाठीवर वाळूची पोती बांधली होती. याला लोड टेस्ट म्हणतात. पोती सुखरूप उतरली, तरच मुले बसवायची.

"थांबवा," मी म्हणालो.

"सर, लिमिट सत्तर आहे." केतकी प्रोजेक्टवरची इंजिनिअर, पुण्याची. तिचे डोळे लॅपटॉपवरील आलेखावर होते.

"लिमिट मला माहीत आहे. वास येतो आहे."

"कसला?"

"तो कळत नाही, म्हणूनच थांबवा."

तो मंगळवार होता. शनिवारी सकाळी जवळच्या शाळेतील मुले पहिली फेरी घेणार होती. यंत्र सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रावर सही माझी लागणार होती. मी जन्मभर जहाजांवर मरीन इंजिनिअर होतो. निवृत्तीनंतर सिंगापुरातच राहून जुन्या यंत्रांची तपासणी करतो. त्या दिवशी पेन खिशातून काढले नाही.

हे मेरी-गो-राउंड इंग्रजी अमदानीतील एका करमणूक उद्यानातले; ते दुरुस्त करून पुन्हा सुरू करायचे होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान येथे अशी उद्याने उभी राहिली. कल्पना शांघायची. तेथे एकाच इमारतीत, मजल्यामजल्यावर, नाटक, जादू आणि गाणे चाले. येथील चिनी व्यापाऱ्यांनी ती इमारत जणू आडवी केली. मोकळ्या आवारात एकीकडे चिनी ऑपेरा, दुसरीकडे मुष्टियुद्ध, मध्ये साहेबी वळणाचा डान्स हॉल. शेजारी बांगसावान, म्हणजे मलय संगीत नाटक; त्याचे मूळ मुंबईहून आलेल्या पारशी नाटक कंपन्यांत सापडते. जे चालेल ते घ्यावे, अशी त्या काळाची रीत होती. ही माहिती मी पहिल्या रिपोर्टच्या प्रस्तावनेत स्वतः लिहिली होती. यंत्राला मात्र ती लावून पाहिली नाही.

यंत्राच्या छतावर युरोपातील कारखान्याची पितळी पाटी होती. ती वाचून मी लिहिले: तळाचे बेअरिंग धातूचे, ग्रीस भरावे. बेअरिंग म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो तो आधार. त्याचे झाकण गंजून चिकटले होते. ते उघडण्याचा हट्ट मी धरला नाही.

क्लायंटतर्फे मिसेस टॅन होत्या. टेस्ट थांबल्याचे कळताच त्या साइटवर आल्या. वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची त्यांची सिंगापुरी लकब.

"मिस्टर पेठे, सॅटरडे शिफ्ट होणार नाही लाह. इन्व्हिटेशन्स गेली आहेत."

"सॅटरडे जागेवर राहू द्या. घोडे फिरतील की नाही, ते उद्या सांगतो."

त्या हसल्या नाहीत. मीही हसण्यासाठी म्हटले नव्हते.

बुधवारी झाकण कापले. केतकीने हातमोजा घालून आतील ग्रीस उपसले. त्याबरोबर बोटभर लांबीची काळपट चीप बाहेर आली.

"सर, हे लाकूड आहे! बेअरिंगमध्ये लाकूड कोण घालतं?"

मी ती चीप पुसली आणि शेजारच्या पाण्याच्या ग्लासात टाकली. ती दगडासारखी तळाशी गेली.

"जहाजवाले घालतात," मी म्हणालो. "हे लिग्नम व्हायटी. जुन्या जहाजांच्या पंख्याचा दांडा याच लाकडात फिरे. याला पाणी लागते. पाणीच तेलाचे काम करते आणि थंडही ठेवते. आपण ग्रीस भरून पाण्याच्या खाचा बुजवल्या."

छत युरोपाचे होते. तळ येथील गोदीत, जहाजाच्या सामानातून घडवलेला असावा. ग्रीस भरून मुले बसवली असती, तर लाकूड जळून दांडा अडकला असता. फिरते घोडे एकदम थांबले असते. मुले थांबली नसती.

"सर, तुम्ही एवढी वर्षं जहाजांवर होता ना?" केतकी हळूच म्हणाली. "मग आधी कसं नाही लक्षात आलं?"

"जमिनीवर होतो म्हणून."

मिसेस टॅन यांना फोन केला.

"अंकल, ग्रीस तर तुमच्याच रिपोर्टमुळे भरले."

"होय. चूक माझी आहे. लेखी देतो."

"आणि सॅटरडे?"

"सही करणार नाही."

"हळू फिरवले तर? एकच राउंड?"

"एकही नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्या रिपोर्टवर माझी सही होती. तो मागे घेणाऱ्या पत्रावरही मीच सही केली. अशी वेळ आधी आली नव्हती.

शनिवारी मुले स्थिर घोड्यांवर बसली. शिक्षिकेने फोटो काढले. "व्हाय नॉट मूव्हिंग, आह?" असे एका मुलीने तीनदा विचारले. मिसेस टॅन यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी तिला सांगितले की घोडा आजारी आहे. तिचे समाधान झाले नाही.

पुढे ग्रीस धुऊन काढले. लाकडाच्या दोन पट्ट्या तडकलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. पाण्याची बारीक नळी जोडली. पुन्हा पोती बांधली. अर्धा तास मी उभाच होतो. तापमान चौतीस अंशांवर राहिले, वास आला नाही. मग सही केली.

ज्या यंत्राचे बाप अनेक, त्याला वंगण घालण्यापूर्वी प्रत्येकाची चौकशी करावी. आणि झाकण निघत नसेल, तर ते कापावे.