नाथाजींची तिथिगणना

म्हसवडकडच्या मेंढपाळ कुळात जन्मलेले नाथाजी उतारवयात सांगलीजवळच्या एका लहान प्राणिसंग्रहालयात राखणदार झाले. १९९४ साली त्यांच्या हाती एक विलक्षण व्रत आले. कांगारूच्या कुळातली, पोटाशी पिशवी वागविणारी एक दुर्मीळ वॉलबी तेथे होती. वंशवृद्धीसाठी परगावाहून नर आणला होता, तोही अल्पकाळापुरता. तो एरवी मादीला जखमी करी. म्हणून तिच्या माजाचा नेमका दिवस हेरूनच त्याला आत सोडायचे होते.

त्यासाठी रोज पहाटे तिच्या ताज्या लेंड्या कुपीत भरून क्रमांक घालायचा. पंधरवड्याने कुप्या पुण्याच्या प्रयोगशाळेत जात; तेथे लेंड्यांतल्या संप्रेरकांवरून माजाचा दिवस कळे. नाथाजींचे गुडघे सुजले, झोप पारखी झाली. खाडा मात्र एकही पडला नाही.

मूळच्या आष्ट्याच्या पशुवैद्य प्रियदर्शनी यांनी अहवाल पाहून दिवस काढला. नर आत सोडला. मादीने त्याला लाथेने दूर लोटले आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

“मामा, मागचा माज एकशे दोनाव्या कुपीत दिसला. हिचा माज बत्तीस दिवसांनी फिरतो, म्हणजे पहिल्या कुपीपासून आजचा एकशे चौतिसावा दिवस. मग ही वेळ टळल्यासारखी का वागते?” प्रियदर्शनींनी नाथाजींना विचारले.

“आवं बाई, दिस कुठलं? तिथ्या हायत त्या.”

“म्हणजे?”

“पाडव्याला पयली कुपी, बीजंला दुसरी. तिथीचा क्षय झाला की त्यो आकडा गाळायचा. एकशे दोनच्या आत दोन गाळल्यात.”

प्रियदर्शनींनी बोटांवर पुन्हा मोजले. “म्हणजे एकशे दोनावी कुपी शंभराव्या दिवसाची. आपण दोन दिवस उशिरा आलो. आणि परवा नर परत जातोय!”

“आमच्यात मेंढा कळपातच असतोय. त्यो आपसूक वळखतो. दोन दिसांनी कुनाचं अडलंय?” इतके बोलून नाथाजींनी मान खाली घातली.

“चूक माझीही आहे, मामा. कसं मोजता, हे मी विचारलंच नाही. अहवालात दोघांचं लिहिते.”

“माझ्या एकट्याचं लिवा. तुमची लय नोकरी ऱ्हायलीय.”

“तसलं खोटं मी लिहीत नसते,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी नराचा पिंजरा गाडीत चढवायचा होता. अनोळखी हात लागताच तो आतून धडका देई. अखेर नाथाजींनाच बोलाविले. त्यांनी जाळीला हात लावून “हो, हो” असे पुटपुटत त्याला शांत केले, सुजल्या गुडघ्यांनी वाकून एका बाजूने पिंजरा उचलला आणि ज्याच्यासाठी चार महिने पहाटा झिजविल्या, त्याला स्वहस्ते गाडीत ठेवले.