जावयासाठी काढलेली टॉवेल-टोपी

माझी लेक कॅलिफोर्नियात असते आणि तिच्यासोबत एक अमेरिकन मुलगी राहते. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये कोणी विचारलं की मी सांगायचे, मैत्रिणी आहेत, तेवढीच एकमेकींना सोबत. पुढे दोघींनी मिळून घर घेतलं, तरी माझं आपलं तेच.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तिकडे बायका-बायकांच्या लग्नाला परवानगी मिळाली, आणि या दोघींनी लगेच लग्न करून टाकलं. मला फोनवर कळलं. शेजारच्या वहिनींना मी एवढंच सांगितलं की लेकीचं लग्न झालं. तीस वर्षांचा शेजार, पुढचं सांगायला हवं होतं. पण खरं सांगू का, अंगात ताकदच नव्हती. आधी आमच्या ह्यांचं आजारपण, मग त्यांचं जाणं, आणि वर नऊ वर्षं हे मैत्रीण-मैत्रीण. एवढं सांभाळायचं म्हणजे दमायला होतं हो.

सप्टेंबरात दोघी आल्या. वहिनींनी नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं. नाही कसं म्हणणार?

वहिनींनी दार उघडलं आणि आमच्या मागे रस्त्याकडे बघायला लागल्या. “जावई गाडी लावतायत का?”

लेक माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षं तशीच बघत आली होती.

“जावई नाहीत, वहिनी,” मी म्हटलं. “हिचं लग्न हिच्याशी झालंय.”

वहिनी पानं घ्यायला आत गेल्या. पुरणपोळी छान झाली होती, पण जेवताना कोणी धड बोलेना. वहिनींचे मिस्टर तेवढे माझ्या सुनेला तिकडच्या हवेबद्दल विचारत राहिले, फिरून फिरून तेच.

निघताना ताट बाहेर आलं. एकच खण-नारळ, आणि जावयासाठी टॉवेल-टोपी. वहिनींनी लेकीची ओटी भरली आणि ताटाकडे बघत उभ्याच राहिल्या. शेवटी टॉवेल सुनेच्या हातात दिला, टोपी ताटातच ठेवली. मला हळूच म्हणाल्या, “ताई, आधी सांगायचं होतंत. दुसरा खण आणून ठेवला असता.”

रागाने म्हणाल्या की मायेने, ते मला अजून कळलेलं नाही.

नोव्हेंबरात तिकडे मतदान झालं आणि लोकांनी ती लग्नं बंद केली. लेकीचा फोन आला. ज्यांची आधीच झालीत त्यांचं काय करायचं ते कोर्ट ठरवणार म्हणे. हिचं लग्न, आणि मतं टाकणार कोण, तर अख्खं राज्य. संताप यायला हवा होता. मी आपली स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले.

“आई,” तिने विचारलं, “आता लोकांना काय सांगशील? पुन्हा मैत्रीण?”

“नाही गं बाई,” मी म्हटलं. “वहिनींना सांगून झालंय. आता ते परत फिरवणं माझ्याच्याने होणार नाही.”