बोटांना सुटी

माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्या, हे मला एका यंत्राने सांगितलं. सौदीतल्या यान्बूच्या सरकारी ऑफिसात इकाम्यासाठी, म्हणजे इथे राहायच्या परवान्यासाठी, नव्याने ठसे द्यायचे होते. मी ऐटीत अंगठा टेकवला. लाल दिवा. मग दहाही बोटं आळीपाळीने टेकवली, तरी लालच. रिफायनरीतल्या कामगारांचे जाड बॉयलर सूट शिवून शिवून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. कारखान्यात सगळ्यांत चपळ हात माझे, हा माझा तोरा. त्यानेच घात केला. ठसे नाहीत तर इकामा नाही, आणि इकामा नाही तर परत रत्नागिरीला, भावजयीच्या स्वयंपाकघरात. लग्नाचं वय टळल्यावर मी इथे आले आणि चाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने जगू लागले. आता ते सुटणार होतं.

नमाज मी कधी चुकवली नव्हती. पण खरं सांगते, दुआ मागतानाही डोक्यात कॉलर आणि खिसेच असत. त्या दिवशी मात्र बाकावर बसून अल्लाशी चक्क भांडले. शेजारी एक वयस्क सुदानी बाई होत्या. त्यांनी न विचारताच माझा हात ओढून घेतला, पर्समधल्या डबीतलं मलम चोळलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत बजावलं, "पंधरा दिवस या हातांनी काही करायचं नाही. खलास."

इकामा संपायला वीस दिवस होते, म्हणून सुपरवायझरने कुरकुरत सुटी दिली. मग हॉस्टेलच्या खोलीत माझा दरबार भरला. हैदराबादची नसीम मला भात भरवी, फिलिपिन्सची लिझा केस विंचरताना निम्मे उपटी. मी साधा पेला उचलायला गेले तरी नसीम दटावी, "बेगमसाहिबा, हात नीचे." बाराव्या दिवशी माझ्या बडबडीला कंटाळून दोघींनी मला मदिन्याच्या बसमध्ये बसवलं. इतकं जवळचं ते शहर चार वर्षांत मी पाहिलं नव्हतं. सगळे शुक्रवार ओव्हरटाइमने खाल्ले होते.

तिथे मशिदीत दुआसाठी हात उचलले. मागण्यांची लांबलचक यादी पाठ करून गेले होते, एकही आठवली नाही. बोटांना काम नव्हतं, म्हणून असेल, मनही थांबलं. कुणीतरी आपल्याला सांभाळतंय, एवढंच कळत राहिलं, आणि डोळे वाहत राहिले.

पुन्हा ऑफिसात गेले तेव्हा पहिल्याच खेपेला हिरवा दिवा लागला. खिडकीतली मुलगी न बघताच म्हणाली, "यल्ला, पुढची." हे मलमाने झालं, विश्रांतीने की आणखी कशाने, हे मी विचारत बसले नाही. त्या सुदानी बाईंसाठी रोज दुआ करते. नाव मला माहीत नाही, अल्लाला आहे. आता शुक्रवारी मी सुईला हात लावत नाही. नसीम म्हणते, आळशी झालीस. झाले असेन. इतकी वर्षं सगळं मीच शिवतेय असं वाटायचं. आता काही टाके त्याच्यावर सोडते.