शेषरावांची विहीर गोड कशी झाली

मूर्तिजापूरला उतरले आणि फलाटावरचं मे महिन्यातलं ऊन पाहून मला आनंद झाला. शेजारच्या प्रवाशाने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. पण माझं कामच उन्हाचं. पाण्याची वाफ होताना मागे उरलेल्या पाण्यात काय बदलतं, हे मी पुण्यात अभ्यासते. नमुन्यांसाठी मला आटणारं तळं हवं होतं.

रिक्षावाले रफीकभाई मला खारपाणपट्ट्यातल्या (जिथे विहिरींना खारट पाणी लागतं त्या भागातल्या) एका गावी घेऊन निघाले. वाटेत त्यांना सांगितलं, "पाण्याचे काही कण हलके असतात, काही किंचित जड. ऊन हलके कण आधी उचलतं. म्हणून उरलेलं पाणी जड होत जातं."

"समजलं," ते म्हणाले. "पंगतीतून सडपातळ मानसं पयले उठतेत, जाडे बसून राहतेत."

हे वाक्य प्रबंधात घालायचा मोह मी अजून आवरते आहे.

तळं वंदनाताईंच्या शेतातलं. त्या शाळेत शिकवतात आणि गावालाही विद्यार्थीच समजतात. जेवायला भाकर, पिठलं आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतानाच त्यांनी खरी गोष्ट काढली. तळं फार लवकर आटत होतं आणि त्यांच्या मते शेजारचे शेषराव चोरून मोटार लावत होते. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

ऊन उतरल्यावर तळ्यावर गेलो. बाटली काठोकाठ भरताना काळ्या चिखलाने माझी चप्पल गिळली. बांधापलीकडून हसणं ऐकू आलं. शेषराव!

"काहून म्याडम, मले पकडाले आल्या का?"

"पाणी न्यायला आले. तुमच्या विहिरीचंही द्या."

"न्या ना! यंदा गोड झाली माही विहीर. नशीब लागते त्याले!"

ताई माझ्याकडे पाहत, पण शेषरावांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "नशिबाले वायर जोडली असन."

पुण्याला परतून बाटल्या तपासल्या आणि यंत्रासमोरच हसू फुटलं. तळ्याचं पाणी जड होतं, ते व्हायचंच. पण शेषरावांच्या विहिरीतलंही तसंच निघालं! खोल विहिरीत उन्हाचा एवढा हात चालत नाही. तळ्यात साठून तापलेलं पावसाचं गोडं पाणीच तळातून झिरपून तिकडे पोचलं होतं. मोटारीची गरजच नव्हती.

ताईंना फोन केला. त्यांनी शेषरावांना बोलावून घेतलं आणि स्पीकर लावला. मी निकाल सांगितला.

"म्हंजे म्या चोरी केली नाई," शेषराव म्हणाले.

"नाही."

"पन माल माह्याच घरी सापडला."

ताई हसल्या, मग लगेच शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "मंग तुमच्या विहिरीवरून माह्या वावरात पाइप टाकाचा हाय."

"टाका न मास्तरीनबाई. तुमचंच पानी हाय!"

फोन बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. मोटार आधी कोणी लावायची यावर दोघांची जुंपली. माझे निकाल एरवी निमूटपणे कपाटात जातात. या निकालावरून चक्क भांडण लागलं होतं, तेही एकमेकांशी बोलून. मी चहा मागवला आणि ऐकत बसले.