हळूअक्का

अक्का इतकं हळू बोलायच्या, की ऐकायचं तर कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. मुरूम गावाजवळच्या सहकारी सूतगिरणीत आम्ही बायका सूत गुंडाळायचो. यंत्रांचा धडधडाट, हवेत तरंगणारा कापूस, आणि त्या पांढुरक्या धुक्यात अक्कांचे नुसते ओठ हललेले दिसत. म्हणून त्या सगळ्यांच्या हळूअक्का.

दुष्काळाची वर्षं होती. गावच्या बाया खडी फोडायला जात. आम्हाला सावलीतलं काम म्हणून त्यांना हेवा वाटे. अक्कांचे मालक वारलेले, एकुलती मुलगी सोलापूरला बोर्डिंगात शिकत होती. जेवणाच्या सुट्टीत अक्का भिंतीला टेकून डोळे मिटायच्या. "झोपलात का?" विचारलं की म्हणत, "न्हाय गं. हिरवं रान बघाया गेल्ते." मग त्या रानात काय काय होतं ते सांगत. ऐकता ऐकता मलाही ते दिसू लागे.

आमच्या खात्याचा सुपरवायझर बायकांना एकेकटं गोदामात बोलवायचा. एका दुपारी त्यानं अक्कांना बोलावलं. मी रांजणाशी पाणी पीत होते, तोच त्या लगबगीनं आल्या. एका हातानं दुसरं मनगट चोळत होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "हात धरला त्यानं माजा. दार लावत हुता. म्या न्हाय म्हनलं, आन् ढकलून आले."

थोड्याच दिवसांत 'काम नीट नाही' म्हणून त्यांना काढून टाकलं. बायका म्हणाल्या, गप बसा. अक्का मला घेऊन नळदुर्गावरून एसटीनं धाराशिवला गेल्या, एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांकडं.

"कुणी पाहिलंय?" त्यांनी विचारलं.

"कुनीच न्हाय. पर हिला तवाच सांगितलं हुतं."

"लगेच सांगितलं असेल तर कोर्ट ते ऐकतं. पण हिला उभं राहावं लागेल."

परतीच्या गाडीत अक्का म्हणाल्या, "तुजं बी काम जाईल. म्या तुला ये म्हननार न्हाय." खिडकीबाहेर उघडे माळ मागं पळत होते. मी म्हणाले, "येते मी."

कोर्टात गिरणीच्या वकिलानं अक्कांना विचारलं, "असं झालं, तर ओरडलात का नाही?" अक्का काहीतरी म्हणाल्या. जज्जसाहेब पुढं वाकले. "बाई, मोठ्यानं सांगा."

"जल्मात कधी वरडले न्हाय, सायब. न्हाय म्हनले हुते. न्हाय किती मोठ्यानं म्हनावं लागतं?"

जज्जसाहेबांनी ते शब्द लिहून घेतले. नंतर मी उभी राहिले. रांजण, चोळलेलं मनगट, कानाशी आलेले शब्द, सगळं सांगितलं. पुढच्या तारखेला गिरणीतल्या आणखी दोघी आपणहून आल्या. त्यांनाही त्याच माणसानं तसंच धरलं होतं.

अक्कांना कामावर परत घ्या, असा निकाल लागला. वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही खरं बोललात, असं कोर्टानं लिहिलंय."

"त्ये मला ठाव हुतं," अक्का म्हणाल्या. "आता गिरनीला बी ठाव झालं." मग पदर तोंडाला लावून कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिल्या.

मुलगी मास्तरीण झाल्यावर त्या तिच्याकडं सोलापूरला गेल्या आणि तिकडंच वारल्या. त्यानंतर मी त्यांच्या लेकीला भेटायला गेले तेव्हा कळलं, की कोर्टाचं त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मला मागं म्हणाल्या होत्या, "शिकतीया पोर, तिच्या डोक्याला घोर कशाला?"

मी सगळं सांगितलं. ऊन उतरलं, चहा निवून गेला.

"मग आई परत गेली? त्याच गिरणीत?"

"त्याच गिरणीत. त्यांच्या त्याच जागेवर. सुपरवायझर तेवढा नवा होता."

तिनं आईचा फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतला. मग तिनं विचारलं, "मावशी, कामावर परत गेली त्या दिवशी आई कुठलं लुगडं नेसली होती?"

"निळं," मी म्हणाले. "नवं."