गुरुवारची चौकड्यांची पट्टी

आखातात ज्ञान कसं पसरतं, यावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो. ते दुबईहून येतं. कुवेतमध्ये कुणाला काही सुचलं, तर ते आधी दुबईला जातं आणि सूट घालून परत येतं. मगच त्याला ज्ञान म्हणायचं.

आमच्या कंपनीचं कुवेतमध्ये अर्दियात दह्या-ताकाचं थंड गोदाम आहे. मी तिथला सिस्टिमवाला, आणि पुण्याचा. त्यामुळे मला सगळं आधीपासूनच माहीत असतं. गोदाम सांभाळायचे रत्नागिरीकडचे एक चाचा. कुठल्या वारी कुठला माल आला हे लांबून कळावं म्हणून त्यांनी खोक्यांना रंगीत चिंध्या बांधायला सुरुवात केली. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे वार सहा. शेजारच्या शिंप्याकडे पाचच रंग मिळाले, म्हणून गुरुवारसाठी चाचांनी स्वतःची जुनी चौकड्यांची लुंगी फाडली. आधी आलेला माल आधी बाहेर जाऊ लागला आणि दही फेकून द्यायचं जवळजवळ थांबलं. माझ्या सॉफ्टवेअरला हे दोन वर्षांत जमलं नव्हतं.

मी फोटो काढून दुबईच्या मुख्य ऑफिसला पाठवले. खाली लिहिलं, ‘अर्दिया टीमचा उपक्रम’. टीम म्हणजे चाचा. पण ईमेल माझी होती, त्यामुळे कौतुकही मलाच आलं. मी ते नम्रपणे ठेवून घेतलं.

वर्षभराने दुबईहून एक सल्लागार आला, आम्हाला प्रगत करायला. त्याने बॅगेतून प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या. पाच रंगीत. सहावी चौकड्यांची, लाल-निळी, थेट चाचांची लुंगी. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात. इथे तशी काही अट नव्हती.

“गुरुवारलाच चौकडे का?” मी न राहवून विचारलं.

आठवडा संपत आल्याची सूचना मेंदूला नक्षीमुळे लवकर मिळते, असं त्याने सांगितलं. असं संशोधन आहे म्हणे. पहिल्या रांगेत शिकायला बसवलेले चाचा माझ्या कानाशी वाकले. “साहेब, ही तर माजी लुंगी!”

मी हसू दाबत होतो, तेवढ्यात पुढची स्लाइड आली. नवी पद्धत इतकी सोपी आहे की अर्दिया आणि सुलैबिया, दोन्ही गोदामांना मिळून एकच स्टोअरकीपर पुरे. सुलैबियाचा माणूस तरुण होता, फाडफाड इंग्रजी बोलायचा. म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, चाचांचा रद्द होणार. त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष अजून बाकी होतं, हे मला ठाऊक होतं.

“कुणाला काही बोलायचंय?” सल्लागाराने विचारलं.

चाचा माझ्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. पण मग त्या ईमेलचंही सांगावं लागलं असतं. मी वहीवर मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिलो. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

चाचा महिन्याभरात गावी गेले. जाताना त्यांनी सल्लागारालाही सलाम केला.

मला बढती मिळाली. परवा कंपनीने मला हीच पद्धत शिकवायला बहारीनला पाठवलं. तिथल्या गोदामातल्या एका वयस्क मल्याळी माणसाने सहावी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “साब, ये लुंगी का डिझाइन क्यूँ?”

“रिसर्च है,” मी म्हणालो.