न उसवलेली रजई

थंडी पडायच्या आत सकीनाखाला दर वर्षी तीच एक चांगली धड रजई उसवायची. आतला कापूस काढून पुन्हा पिंजायची, भरायची, टाके घालायची आणि रजई पेटीत ठेवून द्यायची. ती कुणी अंगावर घेतलेली मी कधी पाहिली नाही.

अकोल्यात आमच्या शेजारीच तिचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. आठवीत माझी शाळा सुटली, मी घरात तोंड लपवून बसलो, तेव्हा तिनंच हाक मारली. "बसून काय करून राहिला? हात चालू ठेव, डोकं जाग्यावर येते." तिच्यामुळे मी माणसात आलो.

रजई तिच्या नवऱ्याची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, लढाई लागली आणि सुट्टीवर आलेल्या रशीदमियांना परत बोलावणं आलं. फौजेच्या मालवाहू विमानातून डोंगरातल्या ठाण्यावर निघाले. वर हवा बिघडली. विमान पोचलं नाही, परतही फिरलं नाही. पुष्कळ शोधलं, पण तुकडासुद्धा सापडला नाही. अमरावतीहून भाऊ आले, दुसरा निकाह लावून देतो म्हणाले. खालानं बांगड्यांचे हात पुढे केले. "मय्यत दाखवा, मंग बोला."

"दर साली कावून उसवून राहिली, खाला?" मी एकदा विचारलं.

"कापूस दबला का थंडी आत येते. त्यायले थंडी सोसत नाई. अकोल्यात बी कानाले मफलर बांधत. अन् म्हणे फौजी."

डोंगरातल्या एखाद्या गावानं त्यांना ठेवून घेतलं असेल, डोक्याला मार लागून घर विसरले असतील, अशी तिची समजूत. मीही हो म्हणायचो.

पुढे पोटासाठी मी हिमालयात रस्त्याच्या कामावर आलो. मला इथे सगळ्याचीच भीती वाटते. फोनवर खाला धीर द्यायची. मागच्या वर्षी सुट्टीवर गेलो, तर चहाचा कप माझ्या हातात देता देता ती थांबली. माझ्या बोटांची टोकं काळी पडली होती.

"हे काय झालं बाबू?"

"बर्फानं, खाला. वादळात अडकलो होतो."

"किती दिवस?"

"दिवस कुठले. एक दुपार."

"हातमोजे नोते?"

"होते."

तिनं माझी बोटं बराच वेळ आपल्या मुठीत धरून ठेवली. मग, "चहा थंडा झाला," म्हणत कप उचलून आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही.

निघायच्या दिवशी तिनं रजई माझ्या हातात दिली.

"यंदा उसवली नाई. घेऊन जा. त्यायले आता थंडी नसंन वाजत. तुले वाजते."

या हिवाळ्यात खाला गेली. घाट बर्फानं बंद होता, मातीला पोचता आलं नाही. आईनं फोनवर सांगितलं, शेवटची आंघोळ घालताना बांगड्या काढाव्याच लागल्या नाहीत. तिनं त्या मागच्या वर्षीच काढून ठेवल्या होत्या.

रजईतला कापूस आता एका कडेला दबलाय. रात्री थंडी आत येते. पिंजायला मला येतं, तिनंच शिकवलंय. पण टाके तिच्या हातचे आहेत.